मामाचा कॅमेरा आणि कोंबडीची आतडी

भाचेबुवा,

आपल्या वऱ्हाडात मामानं भाच्याच्या पाया पडायचं, ही रीत. ती मी पाळतोच. पण पाया पडताना कान हाताशी येत नाही, म्हणून आज तो कागदावरून धरतो. तू झाडाला बांधायचा कॅमेरा घेतलास, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा, हे मामीकडून कळलं. छान केलंस. पण तू तिला विचारलंस म्हणे, "मामी, कोंबडीची आतडी कुठं मिळतील?" ते ऐकलं आणि माझा चहा बशीतच थंडा झाला.

कारण मीही तेच केलं होतं. पहिला कॅमेरा आला तेव्हा संत्र्याच्या बगिच्याच्या धुऱ्यावर चार रात्री आतडी टाकली. तीन रात्री कुत्री आणि मुंगूस आले, चौथ्या रात्री बिबट. फोटो असा आला की आजही काढून बघावासा वाटतो. मग मी टाकायचं थांबवलं. बिबट्यानं यायचं थांबवलं नाही. आठवड्याभरात शेजाऱ्याची बकरी गेली. "तुह्या फोटोपायी माही बकरी गेली ना बे!" म्हणत तो धुऱ्याभोवती करंटचा तार सोडायला निघाला. त्याला थांबवायला बकरीचे पैसे द्यावे लागले आणि सगळं खरं सांगावं लागलं. पैसे परवडले.

तर ऐक.

१. आधी कायद्यातला शब्द पाहून घे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' शब्दाच्या व्याख्येतच सापळा लावणं, हाकणं आणि आमिष दाखवणं येतं, आणि त्याचा नुसता प्रयत्नसुद्धा — म्हणजे बंदूक नसली तरी आतड्यांची पिशवी पुरते.

२. "मारायला नाही, फोटोसाठी टाकलं" हे वाक्य पाठ करून रानात जाऊ नकोस — आमिष कशासाठी टाकलं याची सूट त्या व्याख्येत लिहिलेली नाही. वकील दोन्ही बाजूंनी बोलतील, तारखा मात्र तुला पडतील.

३. बिबट, वाघ, अस्वल ही पहिल्या अनुसूचीतली मंडळी. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड २५ हजारांपासून पुढे. इतर संरक्षित जनावरांसाठीही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे — आणि गुन्ह्यात वापरलेलं साधन, वाहन जप्त होतं ते वेगळंच. कॅमेऱ्याचे हप्ते तू भरशील आणि तो सरकारच्या कपाटात पडून राहील.

४. "बगिचा माझा, मी काहीही टाकीन" असं म्हणू नकोस — सातबारा जमिनीचा असतो, जनावराचा नसतो.

५. मांस टाकलं तरच आमिष, असंही नाही. मोहफुलं, गूळ, मिठाचा खडा, पिकली केळी, काहीही असो — ज्यानं लाळ सुटते ते आमिष, आणि अस्वलाला मोहाचा वास कुठून लागतो ते बहिरमच्या वरच्या डोंगरातल्या कोणत्याही कोरकू म्हाताऱ्याला विचार.

६. आंबिया बहाराची गळ झाडाखाली पडली तर ती निसर्गाची, पण तीच संत्री टोपलीत भरून कॅमेऱ्यापुढे ओतलीस तर ती तुझी. गळ खड्डा करून पुरून टाक — रोग पसरत नाही, आणि रानडुकरं, सायळ यांना रोजची पंगत बसत नाही.

७. जिवंत कोंबडी किंवा बोकड बांधायचा विचार डोक्यात आला तर आधी डोक्यावर पाणी ओत. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात, करमणुकीसाठी वाघाच्या किंवा दुसऱ्या अभयारण्यात जनावर आमिष म्हणून बांधणं, असे शब्दच आहेत — कारण पूर्वी पाहुण्यांना वाघ दाखवायला हेले बांधायची पद्धतच होती, आणि ती मोडायची होती.

(तू काही नवीन शोधलंस असंही समजू नकोस हं. अमेरिकेत जॉर्ज शिरास नावाचा गृहस्थ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोरीला आमिष बांधून ठेवायचा; जनावरानं ओढलं की झगझगाट होऊन फोटो निघायचा. त्याचे रात्रीचे फोटो १९०६ साली 'नॅशनल जिओग्राफिक'नं छापले. तेव्हा ते कौतुकाचं होतं. तेव्हा आपल्याकडे साहेब मचाणावर बसून वाघही मारत, तेही कौतुकाचंच होतं.)

८. "वनखातं स्वतः जनावर बांधतं की!" हा तुझा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो. बांधतं, पण मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशावर, जनावर माणसाच्या जिवावर उठलं तर. यवतमाळकडच्या अवनी वाघिणीसाठी पांढरकवड्याच्या रानात कॅमेरेही लावले, जनावरंही बांधली, परदेशी अत्तराचा वाससुद्धा करून पाहिला. शेवटी २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीनं मेली आणि त्या आदेशावरून, त्या गोळीवरून वाद कोर्टापर्यंत गेला — आदेश असलेल्यांची ही गत, तुझ्या खिशात तर बसचं तिकीट.

९. बिबट्यानं आपलीच गाय मारली तर जवळ कॅमेरा बांधायची घाई करू नकोस, आणि मढं सोयीच्या जागी ओढून दोरीनं खुंट्याला तर मुळीच बांधू नकोस — बांधलं की शिकार त्याची राहत नाही, आमिष तुझं होतं. वनखात्याला लगेच कळव, हेल्पलाइन १९२६ आहे. पंचनामा होईपर्यंत मढं हललं तर नुकसानभरपाईवर पाणी.

१०. मेलेलं ढोर गिधाडांच्या फोटोसाठी उघड्यावर टाकायचं तुझ्या त्या मित्रानं सुचवलं होतं ना, त्याला विचार, ढोराला शेवटी कोणतं इंजेक्शन दिलं होतं. डायक्लोफिनॅक दिलेली ढोरं खाऊन देशातली गिधाडं इतकी मेली की २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावं लागलं — फोटोत पंख पसरलेलं गिधाड येईल, दोन दिवसांनी ते कुठं पडलं ते तुला दिसणारही नाही.

११. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून बोलावणं हे आमिषाचं धाकटं भावंड. आपल्या मेळघाटातला रानपिंगळा १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला खात्रीनं सापडला नव्हता, १९९७मध्ये शहाद्याकडे पुन्हा दिसला — इतक्या मुश्किलीनं परत आलेल्याला खोट्या शेजाऱ्याशी भांडायला लावून घरट्यावरून उठवायचं, हे पाहुण्याला जेवता जेवता ताटावरून उठवण्यासारखं.

१२. रस्ता अडवूनही फोटो मिळवू नकोस. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव गेटकडे जिप्स्यांनी एफ-२ वाघिणीला पाच बछड्यांसकट कोंडलं, आणि नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली — फोटो हजारोंच्या मोबाइलवर गेले, तेच पुरावे झाले.

१३. मग फोटो मिळणार कसा? वाट बघून. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर फोटो निघाले, त्यात वाघाचे ७६,६५१. कॅमेरे होते जनावरांच्या रोजच्या वाटांवर, दोन्ही बाजूंना समोरासमोर — वाघाच्या डाव्या-उजव्या अंगाचे पट्टे वेगळे, आणि वाटेला आमिष लागत नाही.

१४. म्हणून आठ दिवस कॅमेरा पिशवीतच राहू दे आणि नुसता पायांचे ठसे, विष्ठा, खरवडलेली झाडं बघत फिर. पाय आधी, कॅमेऱ्याचा पट्टा नंतर — वाट ओळखता आली की नशिबाचं काम निम्मं होतं.

१५. उंची गुडघ्याएवढी, तोंड उगवतीकडे-मावळतीकडे नको, पुढचं गवत हातानं दाबून घे — नाहीतर माझ्यासारखे हलत्या तरोट्याचे नऊशे फोटो मोजत बसशील.

१६. राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीचं पत्र मिळेपर्यंत पट्टासुद्धा काढू नकोस. अभयारण्यातल्या फोटोग्राफीची परवानगीही २०२२पासून अधिवासात काही बदल न करण्याच्या अटीवर आहे — म्हणून फांदी तोडून 'चौकट' मोकळी करणं हेही नाहीच. झाडाला खिळा ठोकणारा तर मला भाचा म्हणून नकोच.

१७. आपल्या शेतात लावलास तरी बीटगार्डला एक फोन कर — त्याला आधी आपल्याकडून कळलं तर तो चहाला येतो, दुसऱ्याकडून कळलं तर नोंदवही घेऊन येतो.

१८. बाया-माणसं ज्या धुऱ्यानं जातात तिकडे कॅमेऱ्याचं तोंड नको, आणि माणसाचा फोटो आलाच तर घरी येण्याआधी पुसून टाक — बिबट्या गावाशी भांडत नाही, गाव मामाशी भांडतं.

१९. बिबट आला तर जागेचं नाव कोणत्याही ग्रुपवर टाकू नकोस, "आपल्याकडचा" एवढं पुष्कळ — फोटोला लाइक करणारे शंभर असतात, त्यातला एक तार घेऊन बसलेला असतो.

२०. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणासाठी नाव नोंदवता येतं का बघ, नंबर लागला तर मीही येतो. रात्रभर कुणी काही टाकत नाही, पाणी तेवढं असतं — आणि डास. मला एका रात्रीत फक्त सायळ दिसली होती, तीही पाठमोरी. मामीला मी अजून अस्वलच सांगतो, तू तोंड बंद ठेव.

शनिवारी कॅमेरा घेऊन ये, आपल्या नाल्याच्या काठानं जागा दाखवतो. सेल मात्र विकत आण. मागच्या दिवाळीत तू माझ्या टॉर्चमधले काढून नेलेस आणि मी मोटारीवर अंधारात चाचपडत गेलो.