विंचवाचे विष, जिममधले इंजेक्शन आणि आपले हृदय

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी मुले पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात आणि संध्याकाळी जिममध्ये घाम गाळतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु याच मुलांच्या कानाशी कोणीतरी कुजबुजतो, "एक इंजेक्शन घे, दम लागणारच नाही." अशा कामासाठी चोरून विकले जाणारे एक औषध म्हणजे मेफेन्टरमाइन. त्याच्या साठ्यांवर महाराष्ट्रात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने छापेही घातले आहेत. हे औषध शरीरात नेमके काय करते, हे आई-वडिलांनी आणि मुलांनी समजून घेतले पाहिजे.

शरीरातील धोक्याची घंटा

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. साप दिसला, कुत्रा अंगावर आला की या ग्रंथी अॅड्रिनॅलिन रक्तात सोडतात. त्याच वेळी नसांच्या टोकांतून त्याचे भावंड, नॉरअॅड्रिनॅलिन, बाहेर पडते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, श्वास मोकळा होतो. पळा किंवा लढा, यासाठी शरीर सज्ज होते.

एकच रस इतकी वेगवेगळी कामे कशी करतो? अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड अॅलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये याचे उत्तर मांडले. किल्ली एकाच कुळातली असली तरी पेशींवरची कुलपे दोन प्रकारची आहेत. त्यांना त्यांनी आल्फा आणि बीटा अशी नावे दिली. आल्फा कुलूप उघडले की त्वचेच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. हृदयावरील बीटा कुलूप उघडले की ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरात पडतो. फुप्फुसातील बीटा कुलपामुळे श्वासनलिका सैल होतात.

या कुलपांना लागणारी किंवा नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा बाहेर काढणारी जी औषधे आहेत, त्यांना उत्तेजक औषधे म्हणू या. सर्दीच्या काही गोळ्या, नाकात टाकायचे काही थेंब, दम्याचा पंप आणि मेफेन्टरमाइन हे सारे याच कुळातले.

हृदयाचा हिशोब

मिनिटाला ७५ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातील साधारण ०.३ सेकंद हृदयाचे मुख्य कप्पे आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद विसावतात. हा विसावा म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. डाव्या बाजूच्या हृदयस्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त मुख्यतः याच विसाव्यात मिळते.

आता ठोके १५० झाले, तर एका ठोक्याला ०.४ सेकंदच उरतो. आकुंचनाचा वेळ थोडासाच घटतो, खरी कात्री लागते ती विसाव्याला. म्हणजे हृदयाचे काम दुप्पट आणि जेवायला वेळ निम्म्याहून कमी. त्यात आवळलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्त ढकलायचे, म्हणजे चढावर भरलेली हातगाडी ओढणे. धावताना निरोगी हृदय हे सोसते, कारण व्यायामात स्नायूंच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि थांबलो की सारे पूर्ववत होते. औषधाचा अंमल मात्र आपण थांबलो म्हणून थांबत नाही.

महाडचा धडा

या रसाचा पूर आला तर काय होते, हे कोकणाने फार जवळून पाहिले आहे. लाल विंचू चावला की त्याच्या विषाने शरीरातील अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन एकदम बाहेर लोटले जाते. रुग्ण घामाने निथळतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब भडकतो. पुढे हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि धडधाकट माणूस दगावतो.

रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली. प्राझोसिन नावाची, आल्फा कुलूप बंद करणारी साधी गोळी त्यांनी वापरली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या, हृदयावरचा भार उतरला आणि जिथे माणसे मरत होती तिथे ती वाचू लागली. त्यांचे हे काम 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातून शिकायचे ते हे, की हृदयाला मारायला बाहेरचे विषच लागते असे नाही. आपलाच रस प्रमाणाबाहेर सुटला तरी तो पुरतो.

मग कुपीतून काय मिळते?

मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियागृहातले औषध आहे. पाठीच्या मणक्यात भुलीचे इंजेक्शन दिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो. तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध मोजून देतात. तेव्हा रुग्ण आडवा असतो, रक्तदाबावर सतत नजर असते.

जिममधल्या मुलाचा रक्तदाब उतरलेला नसतो, त्याचे हृदय व्यायामाने आधीच वेगात असते. त्यावर हा चाबूक पडतो. औषध नवी ताकद आणत नाही, नसांच्या टोकांतला साठा उपसते. थकवा जाणवत नाही, कारण थकव्याची सूचनाच दाबली जाते. साठा रिता झाला की तोच डोस कमी पडतो, म्हणून मुलगा दुसरी कुपी फोडतो. व्यसन असेच जडते. रक्तदाब भडकणे, ठोके बेताल होणे, हृदयाचा स्नायू कमकुवत होणे, भास आणि संशय यांनी ग्रासणे, अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत. एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ 'बी', 'सी' यांचा धोका वेगळाच. शिवाय खेळाच्या स्पर्धांत हे औषध प्रतिबंधित आहे.

घरातल्या औषधांकडेही पाहा

सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये सांगितले, की तोंडावाटे घेतल्यास ते चोंदलेले नाक मोकळे करत नाही. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी सर्दीची मिश्र गोळी मनाने घेऊ नये. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापण्यास भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितले आहे. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंब थांबवताच नाक पुन्हा चोंदते आणि बाटली सुटत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. हे वाचून दम्याचा पंप कोणी बंद करू नये. त्याने थोडी धडधड किंवा हाताला कंप होतो, पण तो श्वास वाचवतो. धडधड फार वाटली तर डॉक्टरांशी बोलावे. तीव्र अॅलर्जीत तर अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. औषध तेच असते. कोणाला, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सारे अवलंबून आहे.

लक्षात ठेवा

१. औषध दुकानात सर्दीची गोळी मागताना "मला बीपी आहे" हे आधी सांगा.

२. मुलाच्या खोलीत रिकाम्या कुपी किंवा सुया दिसल्या, त्याची झोप उडाली, तो चिडचिडा झाला, तर आरडाओरडा न करता त्याला विश्वासात घ्या आणि सरकारी रुग्णालयात दाखवा. डॉक्टरांना औषधाचे नाव लपवू नका.

३. छातीत दुखणे, बेताल धडधड, चक्कर, प्रचंड डोकेदुखी, बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

४. विंचू चावल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

भरतीच्या मैदानावर दम हवा असेल तर त्याला रोजचा सराव, पोटभर सकस जेवण आणि सात-आठ तासांची झोप लागते. तो हळूहळू वाढतो, पण आपला असतो. कुपीतला दम उसना असतो आणि त्याची वसुली हृदयाकडून होते.