व्हिडिओ खेळ आणि हिंसाचार : कारण की संशय?

मुलांच्या बाबतीत काही अघटित घडले की समाज त्याचे एखादे सोपे कारण शोधू लागतो. पूर्वी हा दोष चित्रपटांवर येई. 1997 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘शक्तिमान’ मालिकेकडेही असेच बोट दाखविले गेले. आता ती जागा व्हिडिओ खेळांनी घेतली आहे. खेळातील हिंसा मुलांच्या प्रत्यक्ष वर्तनात उतरते काय, हा प्रश्न शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या सर्वांपुढे येतो. त्या दृष्टीने मुंबईच्या उपनगरातील एका प्रकरणाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

जुलै 2017 च्या अखेरीस अंधेरी (पूर्व) येथे एका 14 वर्षांच्या शाळकरी मुलाने आपले जीवन संपविले. अल्पावधीतच ‘ब्लू व्हेल’ या कथित खेळाचे नाव या मृत्यूशी जोडले गेले. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते. तेथेही हा विषय निघाला. 11 ऑगस्ट रोजी केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक आदी कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकण्यास कळविले. वास्तविक हा रूढ अर्थाने व्हिडिओ खेळ नव्हताच. कोणी अनोळखी सूत्रधार मुलाला रोज एक काम नेमून देतो, अशी ती 2016 मध्ये रशियातून पसरलेली वार्ता होती. पुढे केंद्र शासनाने देशातील अशा प्रकरणांची समितीमार्फत छाननी केली. उपकरणे, दूरध्वनीच्या नोंदी व समाजमाध्यमांवरील वावर तपासूनही एकाही प्रकरणात या खेळाचा संबंध प्रस्थापित होऊ शकला नाही, असे जानेवारी 2018 मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. खेळाचे नाव घरोघर पोहोचले होते. हा निष्कर्ष मात्र फार थोड्यांच्या कानी गेला. अशा गलबल्यात, ते मूल कोणत्या तणावात होते हा मूळ प्रश्न मागे पडतो, आणि खरी हानी होते ती येथेच.

ज्यात खरोखरच बंदुका आणि शत्रू आहेत, असा ‘पबजी’ हा खेळ 2018 पासून मुलांच्या भ्रमणध्वनीवर आला. शंभर खेळाडूंपैकी अखेरपर्यंत जिवंत राहील तो विजयी, असे त्याचे स्वरूप. तो हिंसेला उत्तेजन देतो म्हणून बंदी घालावी, अशी जनहित याचिका 2019 मध्ये 11 वर्षांच्या एका मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली खरी, पण ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव. हिंसेचा त्यात संबंध नव्हता. जुलै 2021 मध्ये त्याच धर्तीचा खेळ नव्या नावाने परतला.

संशोधन काय सांगते? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या 2015 च्या अहवालानुसार अशा खेळांचा चिडखोर, आक्रमक वर्तनाशी काही संबंध आढळतो. परंतु गुन्हेगारी हिंसाचाराशी तो जोडण्यास पुरेसा पुरावा नाही. 2020 मध्ये संघटनेने हीच भूमिका पुन्हा मांडली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रयोगशाळेत आक्रमकता पुष्कळदा मोजतात ती प्रतिस्पर्ध्याला किती मोठा कर्कश आवाज ऐकविला यावरून. त्यावरून खुनाचे अनुमान काढणे धाडसाचेच होय! ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 2019 च्या पाहणीत तर सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरांमध्ये असा संबंधच दिसून आला नाही. जपान व दक्षिण कोरिया येथे हे खेळ अत्यंत लोकप्रिय असून खुनाचे प्रमाण मात्र अल्प आहे.

याचा अर्थ खेळ निरुपद्रवी आहेत, असा नव्हे. मार्च 2019 मध्ये हिंगोली येथे रेल्वेमार्गालगत पबजी खेळण्यात गर्क असलेले दोन तरुण गाडीखाली सापडून मृत्यू पावले. हा उपद्रव बेभानपणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘खेळविकार’ समाविष्ट आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून त्याला अधिक महत्त्व देणे आणि हानी दिसूनही तो न सोडणे, ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे वर्षभर टिकावी लागतात.

शिक्षकांनी कोणता खेळ एवढेच न विचारता झोप, उपस्थिती, मित्रमंडळ, अबोला यांतील बदल टिपावेत. पोलीस व पंचायतींनी तपास पुरा होईपर्यंत खेळाचे नाव कारण म्हणून पुढे करू नये. मूल खचलेले वाटल्यास ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर ठळक लावावेत.