हिशेबनीस आणि त्याचे कोष्टक

संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिताना काम अनेक घटकांत वाटून देतात. प्रत्येक घटकाजवळ त्याची माहिती व त्याची कृती एकत्र असते. अशा घटकास ऑब्जेक्ट म्हणतात. एका ऑब्जेक्टला दुसऱ्याची गरज लागते. ती कोणी भागवावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

उदाहरण आपल्याच भागातील घेऊ. आमचे जळकोट १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शेजारचे सोलापूर १९४७ पर्यंत ब्रिटिश मुलखात. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षे हाली चालत असे. सात हालींस सहा भारतीय रुपये हा दर होता. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले.

समजा, अशा पेढीसाठी आपण 'हिशेबनीस' नावाचा ऑब्जेक्ट लिहिला आणि नाण्यांचे कोष्टक त्याने आपल्या पोटातच तयार केले. मग नाणे बदलताच हिशेबनीसही उकलून पुन्हा लिहावा लागेल. बेरीज-वजाबाकी तर तीच असते. तरीही तिला हात लागतो आणि नवी चूक शिरते.

सबब हिशेबनिसाने कोष्टक घडवू नये, ते बाहेरून घ्यावे. त्याची अट एकच: "इतक्या नाण्यांचे भारतीय रुपये किती, हे कोष्टकाने सांगावे." त्याला निर्माण करतेवेळीच ते हाती द्यावे. हालीचे कोष्टक ७० चे ६० सांगेल, आण्यांचे ३२ चे २, पैशांचे २०० चे २. हिशेबनीस मात्र तोच राहील. या रीतीस डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २००४ मधील लेखात हे नाव रूढ केले.

दुसरा लाभ परीक्षेचा. दहा नाण्यांस एक रुपया, असे लटके कोष्टक देऊन पाहावे. ५० नाण्यांचे ५ रुपये जमा न झाले, तर दोष हिशेबनिसाचा, हे तत्काळ कळते.

कोणते कोष्टक कोणास द्यावयाचे, हे मात्र आज्ञावलीच्या आरंभी एकाच ठिकाणी ठरवावे. जे कधी बदलणार नाही, त्यासाठी हा खटाटोप नको.

विद्यार्थिमित्रहो, आज पेढी, दवाखाना व रेल्वे यांचे हिशेब संगणक ठेवतो. त्यातील एक चूक कोणाच्या तरी घामाच्या पैशाची असते. म्हणून जे बदलणारे आहे, ते न बदलणाऱ्यापासून वेगळे ठेवण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.