गोंड चित्रकला : रेषा आणि रचना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान होय. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही भाविक येतात. या समाजाची जी चित्रशैली आज जगभर ओळखली जाते, ती मात्र बालाघाटच्या पलीकडील मंडला-दिंडोरी भागात विकसित झाली. शाळांच्या वा ग्रामपंचायतींच्या भिंतींवर या शैलीची चित्रे काढावयाची असतील, तर तिचे तंत्र प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

परंपरा व परिवर्तन

सणासुदीला व लग्नकार्यात सारवलेल्या भिंतींवर आणि जमिनीवर स्त्रिया 'डिगणा' नावाच्या भौमितिक आकृती काढीत. पांढरी व पिवळी माती, गेरू आणि कोळसा हे त्यांचे रंग. परधान हे गोंडांचे परंपरागत कथागायक. बाना हे वाद्य वाजवीत ते यजमानांच्या वंशकथा व देवकथा गात. १९८१ साली चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पथकाला पाटनगढ येथे जनगढ सिंह श्याम हा तरुण परधान कलावंत आढळला. १९८२ मध्ये सुरू झालेल्या भोपाळच्या भारत भवनाशी तो जोडला गेला आणि गायनातील देवदेवता कागदावर अवतरल्या. त्याच्यापासून सुरू झालेली ही शैली 'जनगढ कलम' या नावाने ओळखली जाते.

चित्रणाची पद्धती

प्रथम आकृतीची बाह्यरेषा काढतात. नंतर आतील भाग सपाट रंगाने भरतात. छायाप्रकाश दाखवीत नाहीत. रंग वाळल्यावर त्यावर बारीक ठिपके, रेघा, साखळ्या किंवा अर्धवर्तुळे यांची ओळीने भरण करतात. ही भरण हेच या शैलीचे मर्म होय. प्रत्येक कलावंताची भरण निराळी असते व ती त्याच्या सहीचे काम करते.

रचनेचे नियम

येथे दूरचे लहान व जवळचे मोठे, असा नियम नाही. कथेत ज्याचे महत्त्व अधिक, त्याचा आकार मोठा. एका आकृतीतून दुसरी उगवते : हरणाची शिंगे झाडाच्या फांद्या होतात. भज्जू श्याम यांनी तर लंडनचे घड्याळ आणि गावाकडे वेळ सांगणारा कोंबडा यांना एकाच आकृतीत गुंफले.

महाराष्ट्रातील वाचकांना 'भीमायन' हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील पुस्तक विशेष उद्बोधक वाटेल. २०११ साली प्रकाशित झालेल्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची आहेत. माणसांना चौकटींत कोंडणे त्यांना रुचले नाही; म्हणून त्यांनी पानांची विभागणी डिगण्यांच्या वळणदार पट्ट्यांनी केली. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात, तर विखारी बोलणे विंचवाच्या नांगीसह दाखविले. अशा प्रकारे चित्राची मांडणीच आशय व्यक्त करते.

शिक्षक व पंचायतींसाठी

छापील चित्रावरून मोर वा हरीण जसेच्या तसे उतरविल्यास ती दुसऱ्याच्या सहीची नक्कल ठरेल. त्याऐवजी विद्यार्थ्यांना परिसर न्याहाळू द्यावा. धानाच्या रोवणीच्या रांगा, नवेगावबांधच्या जलाशयावरील मासेमारांची जाळी, सारस पक्ष्याची पिसे, मोहाच्या पानांच्या शिरा यांतून प्रत्येकाने स्वतःची भरण शोधावी. गावातील वृद्धांकडून एखादी कथा ऐकावी, तिच्यातील मुख्य पात्र ठरवावे आणि त्याभोवती चित्र मांडावे. मातीच्या रंगांत डिंक मिसळून कागदावर सराव करता येईल; पावसाचा मारा बसणाऱ्या सिमेंटच्या भिंतीसाठी मात्र टिकाऊ तयार रंगच घ्यावेत.

भिंत रंगविण्याचे काम देताना पंचायतींनी गावातील सारवणकाम व रांगोळी जाणणाऱ्या स्त्रियांना आवर्जून बोलवावे, त्यांना योग्य मोबदला द्यावा आणि चित्राखाली त्यांची नावे लिहावीत. मातीची घरे कमी होत असताना त्यांच्या हातातील ही विद्या पुढील पिढीकडे पोहोचविण्यास शाळेची भिंत निश्चितच उपयोगी पडेल.