गुप्तरोग आणि ‘आगाऊ’ गोळी

‘डॉक्टर, चूक झाली. पुढे काही होऊ नये म्हणून एखादी स्ट्राँग गोळी लिहून द्या.’ दार लोटून, खाली मान घालून असे सांगणारे रुग्ण आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. जे येत नाहीत, ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या घेतात आणि निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा कितपत खरा, ते आज पाहू.

कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना परमा होऊ नये म्हणून सल्फाच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. पण सल्फाचा वापर वाढला तसे परम्याचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी नौदलाच्या खलाशांना संबंधानंतर मिनोसायक्लिन दिले होते. साधे जंतू त्याने अडले, निर्ढावलेले जंतू मात्र अडले नाहीत.

अलीकडे हा विषय पुन्हा पुढे आला तो डॉक्सिसायक्लिनमुळे. सॅन फ्रान्सिस्को व सिएटल येथील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रिया यांनी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत २०० मिलिग्रॅमची एक मात्रा घेतली. गरमी (उपदंश), क्लॅमिडिया आणि परमा यांचे एकत्रित प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु त्या याच गटातील, मागील वर्षभरात असा आजार होऊन गेलेल्या व्यक्तींसाठी, डॉक्टरांशी विचारविनिमय करून, नियमित तपासणीसह. केनियातील स्त्रियांच्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नाही. केसांच्या तपासणीवरून अनेकींनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या, असे आढळले.

याविषयी लोकांत दोन टोकाची मते दिसतात. काहींना वाटते, अशी गोळी म्हणजे स्वैराचाराला परवाना. मला हे पटत नाही. रोग ही शिक्षा नव्हे, आणि भीतीने माणूस सुधारत नाही, तो आजार लपवतो. दुसरे टोक म्हणजे ‘गोळी घेतली, आता काळजी नाही’. हे अधिक घातक. ही गोळी जंतूंवर चालते, विषाणूंवर नाही. एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व नागीण (हर्पिस) यांना ती रोखत नाही. एचआयव्हीचा धोका वाटल्यास त्याची प्रतिबंधक औषधे वेगळी असतात. ती शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

दुसरा धोका फसव्या गुणाचा. गरमीचा पहिला फोड दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाविनाही आपोआप भरून येतो. रुग्ण म्हणतो, ‘गोळीने गुण आला.’ जंतू मात्र अंगात राहतो, घरी पत्नीला लागतो, आणि ती गर्भवती असेल तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. गर्भपात, मृत बालक किंवा जन्मतः रोगी मूल हे त्याचे परिणाम. बापाच्या खिशातल्या दोन गोळ्यांनी हे टळत नाही. वेळेवर रक्ततपासणी आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन यांनी टळते.

शिवाय डॉक्सिसायक्लिन गर्भवतींनी टाळावे. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. अन्ननलिकेला व्रण पडू शकतो. लोह, कॅल्शियम वा आम्लपित्ताच्या औषधांबरोबर ती नीट लागू पडत नाही.

मग काय करावे?

१. निरोध वापरावा. तो जंतू आणि विषाणू या दोहोंचा धोका कमी करतो.

२. लघवीला जळजळ, पू, फोड किंवा जांघेत गाठ असल्यास स्वतः औषध घेऊ नये. गरमी व एचआयव्हीची रक्ततपासणी करावी. पहिली निर्दोष आली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावी.

३. उपचार जोडीदारासह पूर्ण करावेत.

४. कावीळ ‘ब’ची लस घ्यावी.

५. गर्भवतीची गरमीची तपासणी चुकवू नये.

सरकारी रुग्णालयांत यासाठी मोफत तपासणी व समुपदेशन मिळते. १०९७ या क्रमांकावर फोन केल्यासही विनामूल्य माहिती मिळते. लाज बाजूला ठेवून वेळीच डॉक्टरांकडे या. तुम्ही काय केलेत, याचा न्यायनिवाडा करणे हे डॉक्टरांचे काम नाही.