जिन्यावरील अपघात आणि पायरीचे माप

कचेरीच्या किंवा गोदामाच्या जिन्यावरून कोणी पडला की नोंदवहीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे कारण लिहून विषय मिटविला जातो. पडलेल्या माणसाची चौकशी होते. पायऱ्या मात्र कोणी मोजीत नाही.

वास्तविक जिन्यावरून जाताना माणूस प्रत्येक पायरीकडे पाहत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंचीचा अंदाज घेतो व पुढील पावले त्याच अंदाजाने पडतात. मध्येच एखादी पायरी बोटभर उंच वा ठेंगणी निघाली, तर चढताना ठेच लागते आणि उतरताना तोल जातो. उतरतानाची पडझड अधिक घातक, कारण शरीर पुढे व खाली फेकले जाते. जुन्या इमारतीत तळमजल्यावर नवी फरशी बसविली की सर्वांत खालची पायरी आपोआप ठेंगणी होते. गवंड्याला त्यात वावगे वाटत नाही. नेमकी तीच पायरी दगा देते.

फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल याने सतराव्या शतकातच नियम मांडला होता, की पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी मिळून एक पाऊल, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर व्हावे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत शाळा-कचेऱ्यांसाठी उंची अधिकात अधिक १५ व रुंदी कमीत कमी ३० सेंटिमीटर आहे. ही बेरीजही ६० होते.

डोक्यावर पोते किंवा दोन्ही हातांत दप्तराचे गठ्ठे असले, की पाय दिसत नाहीत आणि कठडाही धरता येत नाही. पावसाळ्यात छत्र्यांचे पाणी गुळगुळीत फरशीवर ठिबकते. पायऱ्यांच्या कडेला उठावदार रंगाचा पट्टा आणि दिव्याचे बटण वर व खाली दोन्हीकडे, एवढा खर्च कोणत्याही कार्यालयास झेपण्याजोगा आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ ने जिने भक्कम, अडथळारहित व न घसरणारे ठेवण्याचे आणि आवश्यक तेथे कठडे बसविण्याचे बंधन घातले होते. भरपाईच्या बाबतीत १९२३ च्या अधिनियमापासून चालत आलेले तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे: केवळ निष्काळजीपणामुळे कामगाराचा हक्क बुडत नाही. मद्याचा अंमल किंवा सुरक्षिततेच्या आदेशाचा बुद्ध्या भंग हे अपवाद होत. मृत्यू ओढवल्यास तेही लागू पडत नाहीत. म्हणून नोंदवहीतील तो एक शब्द वाचून जखमी कामगाराने अर्ज करण्याचे सोडू नये. नोंद करणाऱ्याने कितवी पायरी, तिची उंची, ओल होती काय, दिवा होता काय आणि हातात ओझे कोणाच्या सांगण्यावरून होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.