फेरिस्त पाहणाऱ्याच्या हाती बस्ते देऊ नयेत

आजच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि म्हणूनच कंधार, औसा, उदगीर या बाजूच्या जुन्या घरांत सनदा, वाटणीपत्रे व महसुलाच्या पावत्या मोडी आणि उर्दू अशा दोन लिप्यांत बस्त्यांत बांधलेल्या अद्यापि आढळतात. कुणबी नोंदींच्या शोधार्थ २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशा दप्तरांचे मोल सर्वांच्याच ध्यानी आले. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मीही घरोघरी जाऊन अशा कागदांच्या प्रतिमा स्कॅनरने घेऊ लागलो आणि प्रत्येक गावाचा स्वतंत्र फोल्डर करून त्यांत ०००१ पासून अनुक्रमांक देत गेलो.

लवकरच संगणकाची डिस्क भरली. हवी ती फाइल त्वरित सापडावी व जागा कोठे गेली हे कळावे, या हेतूने मी आंतरजालावर शोध घेतला आणि सर्वांत वर दिसलेल्या जाहिरातीवरून एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. शोध, मोजदाद आणि सफाई ही तिन्ही कामे आपण करू, असे त्याचे आश्वासन होते. त्याने हजारो ‘जुळ्या’ फायली दाखविल्या. मी यादी न तपासता संमती दिली. आणि दुसऱ्या दिवशी औशाचा फोल्डर उघडला तो रिकामा होता.

कारण मागाहून उमगले. त्या प्रोग्रॅमने केवळ नाव आणि आकार ताडून पाहिले होते. एकाच मापाचे कागद एकाच प्रतीने स्कॅन करून असंपीडित टिफ स्वरूपात ठेवले, तर मजकूर सर्वस्वी भिन्न असूनही त्यांचा आकार सारखाच भरतो. आणि कंधारची ०००१ व औशाची ०००१ यांचे नावही एकच होते. डिस्क एसएसडी असल्यामुळे खोडलेल्या फायलींची जागा ट्रिम नावाच्या व्यवस्थेने मोकळी करून टाकली होती व पुनर्प्राप्तीचा प्रयत्न निष्फळ ठरला. काही घरांनी कागद पुन्हा दाखविले. परंतु एका वाड्यात मध्यंतरी पावसाचे पाणी शिरून संपूर्ण बस्त्याचा लगदा झाला होता. त्या कागदांची माझ्याजवळची प्रतिमा हीच शेवटची होती.

या हानीतून मी जे शिकलो ते असे. चांगल्या दप्तरखान्यात कारकून प्रत्येक रुमाल सोडीत बसत नाही, तो फेरिस्त, म्हणजे कागदांची यादी, पाहतो. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरही मास्टर फाइल टेबल नावाची अशी फेरिस्त असते आणि तीच थेट वाचल्यामुळे व्हॉइडटूल्सचे ‘एव्हरीथिंग’ लाखो नावांतून हवे ते नाव अक्षरे टंकित होता होताच पुढे ठेवते. मजकुरातील शब्द शोधावयाचा असल्यास मात्र विंडोजचा स्वतःचा शोध अधिक उपयोगी. जागेची मोजदाद करण्यास ‘विझट्री’ हीच फेरिस्त वाचते, म्हणून ती अतिशय वेगवान आहे. ‘विनडरस्टॅट’ मुक्तस्रोत आहे. ‘ट्रीसाइझ फ्री’ हाही चांगला पर्याय होय. यांपैकी काहींत दिसणारा रंगीत चौकोनांचा नकाशा मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांनी १९९० साली योजिला, तोही चौदा जणांत वापरली जाणारी ८० मेगाबाइटची डिस्क वारंवार भरत असे म्हणून. या साधनांतूनही फाइल खोडता येते. परंतु ती आपण होऊन सफाईचा आग्रह धरीत नाहीत, हा भेद मोलाचा आहे.

फेरिस्त वाचण्यास प्रशासकाची परवानगी लागते. एवढा अधिकार ज्यास द्यावयाचा, त्याची ओळख आधी पटवून घ्यावी. प्रोग्रॅम निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. जाहिरातीच्या दुव्यावरून कदापि नव्हे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल स्वाक्षरी कोणाची आहे ते पाहावे, आणि शंका असल्यास ती प्रोग्रॅमची फाइल व्हायरसटोटलवर तपासावी. खासगी कागद मात्र तेथे चढवू नयेत. जुळ्या फायली ठरविताना एसएचए-२५६ सारख्या आशयाधारित मुद्रेने तुलना करणारेच साधन ग्राह्य मानावे. विंडोजच्या फोल्डरांतील काहीही हाताने खोडू नये. तेथील सफाईसाठी सेटिंग्जमधील स्टोरेज विभाग आहे.

आता मी फायलींच्या नावांत गाव, साल व क्रमांक लिहितो, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर व तिसरी दुसऱ्या घरी ठेवतो, आणि खोडण्याजोगी प्रत्येक फाइल स्वतः उघडून पाहिल्यावाचून खोडीत नाही. ज्यांच्या संगणकात वडिलार्जित कागदांच्या, विवाहांच्या वा शेतीच्या मोजणीच्या प्रतिमा आहेत, त्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की, डिस्क कितीही भरली असली तरी सफाईपूर्वी एक प्रत बाहेर काढून ठेवा; डिस्क बाजारात नवी मिळते, बस्ता मिळत नाही.